सोलापूरच्या टेबलावर महासर्प: नव्या डीएमसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं पहिलं कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठका चालणारी गोष्ट, चालवायला घेतलेला जवळपास प्रत्येक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा) ड्रॅगनच्या मागे लागतो. माझा सल्ला वेगळा आहे. पहिला मोठा मॉन्स्टर महासर्प ठेवा. ड्रॅगन दिसला की खेळाडूंना पुढचं सगळं पाठ असतं: उडणार, आग ओकणार, सोन्यावर झोपणार. महासर्पाचा जेवढा भाग पाण्याबाहेर येईल तेवढाच तुम्हाला सांभाळायचा असतो. उरलेला साप खेळाडू स्वतःच मनात लांबवत बसतात, आणि ते काम तुमच्यापेक्षा चांगलं करतात.

आता सोलापुरात समुद्र कुठला, हा प्रश्न येणारच. समुद्र लागत नाही. पाण्याची धास्ती लागते, आणि ती आपल्याकडे पोत्याने आहे. उजनी धरण किती टक्क्यांवर आलं, प्लस आहे की मायनस, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. या लेखातली सगळी युक्ती त्यावरच उभी आहे: खेळवायचं ते पाणी. साप त्या पाण्याचा एक भाग.

ज्यांनी हा खेळ कधीच खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एक जण डीएम होतो, म्हणजे गोष्ट सांगतो आणि राक्षस चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. जमेल की नाही अशी गोष्ट करायची असेल तर वीस बाजूंचा फासा टाकतात. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात, त्यामुळे जाडजूड पुस्तकं घ्यायची गरज नाही. वीस बाजूंचा फासा नसेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाका. काढलेली चिठ्ठी परत वाटीत टाकायला तेवढं विसरू नका.

खाली जे आकडे आहेत ते २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांप्रमाणे आणि तिसऱ्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी धरलेत.

पहिली पायरी: आधी विचारून घ्या

ही पायरी वगळू नका. आपल्या घरांत नागपंचमीला विळी हातात घेत नाहीत, कुणी शेतात नांगर घालत नाही. नाग मारायचा म्हटल्यावर एखादी खेळाडू गप्प बसेल आणि तुम्हाला कारण कळणारही नाही. कुणाला सापाची खरोखर भीती असते, तर कुणाच्या घरात विहिरीत, तळ्यात किंवा नदीत कुणीतरी गेलेलं असतं. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी, चहा पिता पिता, सरळ विचारा: साप चालेल का, बुडण्याचं वर्णन चालेल का, सापाला मारायचं की हाकलायचं? उत्तर नको असं आलं तर तोच मॉन्स्टर अजस्र वाम मासा करा. आकडे तेच राहतात.

दुसरी पायरी: तो इथे आला कशाला

बहुतेक नव्या डीएमचा साप तळ्यात असतो कारण वहीत तसं लिहिलेलं असतं. अशा सापाशी खेळाडू दोन राउंड (राउंड म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी) लढतात आणि विसरून जातात. कालियाची गोष्ट आठवा. तो मुळात रमणक बेटावरचा. गरुडाच्या धाकाने तिथून पळाला आणि यमुनेच्या डोहात येऊन बसला, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुड त्या डोहाकडे फिरकू शकत नव्हता. डोहाचं पाणी विषारी झालं, गुरं आणि गवळी मेले. शेवटी कृष्णाने त्याला मारलं नाही, परत समुद्राकडे पाठवलं. डीएमच्या नजरेने बघा: मॉन्स्टरला कुणाची तरी भीती आहे, लपायला जागा आहे, त्याच्या असण्याने गावाचं नुकसान होतंय आणि त्याला न मारता प्रश्न सुटतो. आख्खं कॅम्पेन तयार मिळालं.

आपल्या नकाशावर हे छान बसतं. अरबी समुद्र जवळ असला तरी सोलापूरचं पाणी तिकडे जात नाही. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमचा महासर्प पूर्वेच्या समुद्रातून कृष्णेत शिरला, भीमेला लागला आणि एका पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर चढत चढत मोठ्या तळ्यात पोहोचला. पूर ओसरला, नदी आटली, परतीची वाट बंद. तो गावाला त्रास द्यायला आलेला नाही, अडकलाय. त्याला समुद्रातून पळवून लावणारं काय होतं, हे कागदावर एका ओळीत लिहून ठेवा. पहिल्या सेशनला लागणार नाही, चौथ्याला नक्की लागेल.

युरोपातला माल हवा असेल तर तोही भरपूर आहे. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूने १५३९ साली छापलेल्या उत्तरेच्या नकाशात नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ जहाजाला विळखा घातलेला लाल साप काढलाय. १८४८ साली डीडॅलस या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने दक्षिण अटलांटिकमध्ये महासर्प दिसल्याचा रीतसर अहवाल नौदलाला दिला, आणि त्यावरून लंडनच्या वर्तमानपत्रांत जोरदार वाद झाला. ओअरफिश नावाचा पट्ट्यासारखा लांबलचक मासा खरोखर असतो, आणि अशा काही गोष्टींच्या मुळाशी तोच असावा असं मानतात. यातलं एकच मी टेबलावर वापरतो: कप्तानाचा अहवाल. गावच्या पाटलाचा किंवा नावाड्याचा असाच एक रुक्ष, सरकारी थाटाचा कागद खेळाडूंच्या हातात द्या. "सायंकाळी पश्चिमेस काही लांब वस्तू दिसली. डोके पाण्याबाहेर चार फूट. वेग होडीपेक्षा जास्त." वर्णन जितकं कोरडं तितकी भीती जास्त.

तिसरी पायरी: पाणी

उजनीची साठवण ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचं पाणी. म्हणून धरण मायनसमध्ये गेलं तरी तळाशी भरपूर पाणी उरतं. तुमचा साप त्या मृतसाठ्यात राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं, हे इथल्या बहुतेकांनी पाहिलेलं किंवा निदान फोटोत बघितलेलं असतं. आपल्या काल्पनिक तळ्यातही असंच एक बुडालेलं देऊळ ठेवा. नाव मात्र वेगळं द्या. खऱ्या गावाचं नाव घेतलं की टेबलावर कुणीतरी "माझ्या मामाचं गाव आहे ते" म्हणतो आणि अर्धा तास गेला.

आता प्रत्येक सेशनला पाण्याची पातळी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

शंभर टक्के असताना साप दिसतच नाही. म्हैस नाहीशी होते, जाळं फाटतं, बस्स.

साठ टक्क्यांना देवळाचा कळस वर येतो आणि त्याच्याभोवती तीन वळ्या दिसतात. इथे एक बारीक जागा आहे. जुन्या चित्रांत महासर्प पाण्यावर उभ्या कमानी करत पोहताना दिसतो, पण सापाचं अंग डाव्या-उजव्या बाजूला वळत पुढे जातं, वर-खाली नाही. निसर्गाची जाण असलेल्या पात्राला फासा टाकू द्या. आकडा चांगला पडला तर सांगा: हा साप पोहत नाहीये, देवळाला विळखा घालून बसलाय. टेबलावर त्या क्षणी जी शांतता पसरते तिच्यासाठी एवढा खटाटोप.

शून्य टक्क्यांना गाभाऱ्याचं दार उघडं पडतं आणि सापाला लपायला फक्त तळ्याचा मधला खड्डा उरतो. मायनसमध्ये तो चिडलेला, भुकेला आणि जवळ असतो, पण आता त्याला पूर्ण बुडी मारता येत नाही.

पाणी कोण कमी करतंय? गावाला पिण्याला हवंय, उसाला हवंय, वरच्या गावाने दरवाजे उघडत नाही म्हणून सांगितलंय. हे राजकारण मी समजावून सांगायची गरज नाही. खेळाडूंना पाणी सोडायचा किंवा अडवायचा अधिकार द्या, मग ते आपसातच भांडतील आणि तुम्ही निवांत भाकरी खा.

चौथी पायरी: आकडे

शून्यातून मॉन्स्टर बनवू नका. फुकट नियमांत जायंट कन्स्ट्रिक्टर स्नेक आहे: आर्मर क्लास १२ (वार लागायला गाठायचा आकडा), हिट पॉइंट ६० (अंगातला जीव), पोहण्याचा वेग ३० फूट, चॅलेंज रेटिंग २ (किती अवघड, त्याचा अंदाज). चाव्याला +६ (फाशाच्या आकड्यात मिळवायचे) आणि नुकसान दोन सहाबाजूंचे फासे अधिक ४. विळख्याला +६ आणि दोन आठबाजूंचे फासे अधिक ४. विळख्यात सापडलेल्याला सुटायला १६ किंवा जास्त लागतात. पाया चांगला आहे.

मात्र तो आहे तसा ठेवला तर चार जणांपुढे टिकत नाही, कारण ते चौघे प्रत्येक राउंडला चार गोष्टी करतात आणि हा एकच. म्हणून त्याचे तुकडे करा. डोकं एक: आर्मर क्लास १४, हिट पॉइंट ६०, फक्त चावतं. वेटोळी तीन: प्रत्येकी आर्मर क्लास १२, हिट पॉइंट १५, आणि राउंडला त्यातलं एकच वेटोळं विळखा घालतं. इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) दोन वेगळे टाका, एक डोक्याचा, एक वेटोळ्यांचा. वेटोळं शून्यावर आलं की त्यातला माणूस सुटतो आणि ते वेटोळं पाण्याखाली जातं. दोन वेटोळी गेली किंवा डोकं २० च्या खाली आलं की साप पळतो. प्राणी आहे तो, शेवटच्या थेंबापर्यंत लढायला तो काही सरदार नाही.

एक हिशेब लढाईच्या आधी करून ठेवा. चाव्याचं सरासरी नुकसान ११, विळख्याचं १३. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरकडे, म्हणजे लढवय्याकडे, साधारण २८ हिट पॉइंट असतात, विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, १७ च्या आसपास. म्हणजे दोन्ही हल्ले एकाच विझर्डवर लागले तर तो पहिल्याच राउंडला आडवा. नव्या खेळाडूला पहिल्या राउंडला झोपवायचं आणि पुढचा पाऊण तास बघत बसवायचं, यासारखा खेळ मोडायचा दुसरा उपाय नाही. डोकं एकाकडे वळवा, वेटोळं दुसऱ्याकडे.

पाचवी पायरी: टॉवेलचा साप

प्लास्टिकच्या बाहुल्या बाहेरून मागवायच्या तर महाग पडतात. सोलापुरात राहून त्या मागवायच्या हे मला तरी पटत नाही. जमिनीवर चौकडीची चादर अंथरा. एका चौकोनाला पाच फूट धरा. हात पुसायचे तीन टर्किश नॅपकिन घ्या, प्रत्येकाला घट्ट पीळ द्या आणि टोकांना रबर लावा. झाली वेटोळी. तिसरं वेटोळं मुद्दाम लगेच काढू नका, मांडीखाली दाबून ठेवा. साप किती लांब आहे ते खेळाडूंना कळलंय असं वाटेपर्यंत थांबा, मग तिसरा नॅपकिन होडीच्या मागच्या बाजूला ठेवा.

टॉवेलचा खरा उपयोग विळख्याला होतो. पात्राच्या जागी बाटलीचं बूच ठेवलं असेल तर नॅपकिन त्याच्याभोवती गुंडाळा. कोण अडकलंय, कोणत्या वेटोळ्यात, हे विचारावं लागत नाही. सुटला की पीळ सैल करा. डोकं म्हणून काहीही चालेल, आमच्या घरात चटणीची डबी असते. झाकण उघडं राहिलं तर चादर लाल होते, एवढं सांभाळा.

सहावी पायरी: पाण्याखालचे नियम

हे खेळाडूंना लढाईच्या आधी सांगा. तळ्यात पडल्यावर सांगितलं की भांडण होतं.

पोहण्याचा वेग नसलेल्या पात्राला पोहताना निम्माच वेग मिळतो, ३० फुटांचे १५. पाण्याखाली तलवार, कुऱ्हाड, गदा चालवताना डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. खंजीर, आखूड तलवार, भाला, जॅव्हलिन आणि त्रिशूळ नीट चालतात. धनुष्याला डिसअॅडव्हान्टेज, क्रॉसबोला नाही. लांब पल्ल्याचा नेम पाण्याखाली चुकतोच. पूर्ण बुडालेल्याला आगीचं निम्मं नुकसान होतं, त्यामुळे आगीवर भिस्त असलेल्या विझर्डला आधीच कल्पना द्या. तुमच्या हातात २०२४ चे सुधारित नियम असतील तर तिथे हातात धरून लढायचं, टोचणारं कुठलंही शस्त्र पाण्याखाली चालतं.

श्वासाचा नियम मात्र मला पटत नाही. नियमाने पात्र एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (अंगाच्या चिवटपणाचा आकडा) इतकी मिनिटं श्वास रोखू शकतं. मॉडिफायर +२ असेल तर तीन मिनिटं. एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे तीस राउंड. तीस राउंड चालणारी लढाई मी तरी बघितलेली नाही, म्हणजे बुडण्याची भीती कागदावरच राहिली. म्हणून माझ्या टेबलावर वेगळं चालतं: विळख्यात सापडून पाण्याखाली गेलेल्याच्या छातीवर दाब येतो, त्याला कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर अधिक तीन एवढेच राउंड मिळतात. ते त्याने बोटांवर सगळ्यांना दाखवत मोजायचे. प्रत्येक टर्नला एक बोट मिटायचं.

ओढून नेण्याचंही असंच. नियमाने एवढा मोठा साप माणसाला एका टर्नला पूर्ण ३० फूट खोल नेऊ शकतो. मी १५ ठेवतो, कारण सुटलेल्या माणसाला १५ फूट एका हालचालीत वर येता येतं. तेवढी आशा ठेवावी.

सुटण्याचं गणितही सांगून टाका. दंडात जोर असलेल्या, अॅथलेटिक्स शिकलेल्या पात्राला +५ मिळतात, म्हणजे १६ गाठायची शक्यता निम्मी. किडकिडीत पात्राला +० असेल तर चारातली एक. पण दुसऱ्याने आपला टर्न खर्चून मदत केली की दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. निम्म्याचे पाऊण होतात, चारातल्या एकाचे साधारण ४४ टक्के. हे कळलं की खेळाडू सापाला सोडून एकमेकांकडे बघायला लागतात. लढाई इथून खरी सुरू होते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष

टेबलावर कसं बोलायचं, याचा एक तुकडा देतो. पात्रं नावाऐवजी धंद्याने ओळखली जातात असं धरा.

डीएम: होडी देवळाच्या कळसापासून वीस फुटांवर. वारा नाही, तरी होडी हलतेय.

विणकरीण: खाली बघते. काय दिसतं?

डीएम: पाणी गढूळ. हातभर खाली काही नाही. मग तुझ्या लक्षात येतं की होडीची सावली होडीपेक्षा लांब आहे.

भालेकरी: ये बे, वल्हव मागं!

डीएम: वल्हं पाण्यात घातलंस, ते कशावर तरी मऊ आपटलं. (नॅपकिन चादरीवर येतो.) इनिशिएटिव्ह टाका.

यात सापाचं नाव एकदाही घेतलेलं नाही. जबडा, डोळे, सुळे यांचं वर्णन डोकं बाहेर आल्यावर एकदा, दोन वाक्यांत. "भयानक", "अक्राळविक्राळ" असली विशेषणं टाळा. लांबी सांगायची तर मापाने सांगा: डोकं कळसापाशी आहे आणि शेपूट अजून घाटाच्या पायरीवर.

खेळाडूंना शोधून काढता येईल असा एक कमकुवतपणा हवाच. खऱ्या समुद्री सापांना फुप्फुसं असतात, माशासारखे कल्ले नसतात, बराच वेळ बुडून राहता आलं तरी श्वासाला वर यावंच लागतं. तुमच्याही सापाला तेच लावा. तो सूर्य बुडताना आणि पहाटे, ठरलेल्या जागी, वर येतो. घाटावर बसणाऱ्या म्हातारीला हे माहीत आहे, पण तिला कुणी विचारलेलं नाही. घाटावर टाकलेली कात हा दुसरा पुरावा. ती पावलांनी मोजू द्या.

शेवट तीन तऱ्हेचे तयार ठेवा. मारला तर मेलेल्या सापाने तळ्याचं पाणी नासतं आणि गावाचा प्रश्न वाढतो. हाकलायचा तर पावसाळ्यापर्यंत थांबायचं, दरवाजे उघडायला वरच्या गावाला पटवायचं आणि पुराच्या पाण्याबरोबर त्याला भीमेत सोडायचं. मला हा शेवट सर्वांत आवडतो, कारण यात तलवारीपेक्षा बोलणं जास्त लागतं. तिसरा, त्याच्याशी करार: गाव रोज एक बोकड देतं, तो देवळातली वस्तू सांभाळतो. हा करार पुढे मोडणारच, तेव्हा लगेच नवं कॅम्पेन.

आणि फाशांनी दगा दिला, दुसऱ्याच राउंडला कुणी नॅचरल वीस (फाशावर थेट वीस) टाकून डोक्याचा निकाल लावला, तर आकडे गुपचूप वाढवू नका. मारू द्या, टाळ्या वाजू द्या. मग पाण्याच्या पातळीचा कागद उचला, तिथला आकडा खोडून मायनस लिहा आणि विचारा: खड्ड्याच्या कडेला ती छोटी छोटी अंडी कुणाला दिसली?